चितूर बोलालंय न्हवं?

मार्गशीर्ष संपत आला होता आणि मामाच्या गावाला ऊसतोड जोरात होती. आळते-रामलिंगच्या डोंगराच्या अलीकडं, हातकणंगले तालुक्यात माझं आजोळ. मामा जाऊन ९ वर्षं झाली. मामी आता ८४ वर्षांच्या आहेत. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेत, कान मात्र शाबूत. संध्याकाळी सोप्यात त्यांच्याजवळ बसलो होतो. न्हाणीच्या चुलीचा धूर, ओल्या पाल्याचा गोडसर वास, लांब कुठंतरी उसाच्या ट्रॅक्टरवर लागलेलं गाणं. तेवढ्यात मागच्या परड्यातून आवाज आला. खणखणीत, दोन ठोक्यांचा, पुन्हा पुन्हा. मामींच्या हातातली माळ थांबली. त्यांनी मान तिकडं वळवली आणि विचारलं, "चितूर बोलालंय न्हवं रं?"

मी जरासा थांबलो आणि म्हणालो, "होय मामी. चितूरच."

तो चितूर नव्हता. परड्यातल्या चिंचेवर चढायच्या गडबडीत असलेली गिनी कोंबडी होती ती. मामी काही बोलल्या नाहीत. माळ पुन्हा फिरायला लागली. थोड्या वेळानं मामेभावाच्या बायकोनं चहा आणला, मी तो घेतला, मामींच्या पाया पडलो आणि कोल्हापूरला यायला निघालो. सांगली फाट्यापर्यंत उसाच्या ट्रॉल्यांमागून गाडी रांगत होती आणि माझ्या मनात तेवढंच एक वाक्य घोळत होतं. ज्या बाईनं उभा जन्म चितुराच्या आवाजावर पहाट ओळखली, तिला परक्या कोंबडीचं ओरडणं चितूर वाटलं, आणि मी ते खरं करून टाकलं. त्यांचं मन राखायला म्हणालो, की समजावत बसायचा कंटाळा म्हणून, हे माझं मलाच ठरवता येईना.

या गिनी कोंबड्या मामेभावानं दोन वर्षांपूर्वी वडगावच्या बाजारातून आणल्या. त्याच्या आदल्या पावसाळ्यात गोठ्यात घोणस निघाली होती आणि एक चांगलं रेडकू गेलं होतं. कुणीतरी सांगितलं, ही कोंबडी ठेव, साप असेल तिथं कालवा करते. त्यानं डझनभर आणल्या, आणि खरंच त्या कालवा करतात. धामण दिसली तरी सगळ्या मिळून तिला गोल करून उभ्या राहतात, माना लांब करून असं काही किंचाळतात की शेजारच्या मळ्यातला माणूस काठी घेऊन येतो. मुंगूस, अनोळखी कुत्रं, मीटर बघायला आलेला माणूस, सगळ्यांना सारखाच मान. उसात बिबट्या फिरत असल्याच्या बातम्या आल्यापासून तर भावाला त्यांचं फारच कौतुक. मलाही त्या आवडतात, हे कबूल करायला हवं. पहिल्यांदा जवळून पाहिली तेव्हा बराच वेळ खाली बसून बघत राहिलो होतो. करड्या-काळ्या अंगावर पांढरे ठिपके इतके नेटके, की चंद्रकळेवर कुणी सुईनं टाके घातलेत असं वाटावं. डोक्याला, मानेला पिसं नाहीत. निळसर पांढरी उघडी कातडी, चोचीच्या कडेला लोंबणारे लाल लोलक, आणि माथ्यावर हाडाचा छोटा टोप. शरीर गोल, जड, दीड किलोच्या आतबाहेर. चालताना मात्र वजन कुठं जातं कळत नाही. पदर खोचून घाईनं निघालेल्या बायकांचा घोळका जावा तशा त्या बांधावरून जातात.

त्या मूळच्या आफ्रिकेच्या. सहाराच्या खालच्या मोकळ्या गवताळ रानात, विरळ बाभळींत, अशाच वीस-पंचवीसच्या घोळक्यानं त्या फिरतात. दिवसभर जमीन उकरायची, बिया, किडे, गोचिडं टिपायची, धोका दिसला की आधी पळायचं, अगदी गळ्याशी आलं तरच उडायचं आणि रात्री झाडावर बसायचं. नर-मादी दिसायला जवळजवळ सारखी. ओळखायची खूण आवाजात. नर एकाच ठोक्याचा आवाज काढतो, एकसुरी, यंत्रासारखा. मादी तोही काढते आणि शिवाय दोन ठोक्यांचा एक काढते, दुसरा ठोका वर उचललेला. हा दोन ठोक्यांचा आवाज नराला येत नाही. म्हणजे त्या संध्याकाळी मामींनी ऐकली ती मादी होती, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. आणि चितूर तीन ठोक्यांचा असतो, हेही.

चितूर म्हणजे तित्तर, पुस्तकातला राखी तित्तर. आमच्या आजोळी म्हातारी माणसं चितूरच म्हणायची. वीतभराहून थोडा मोठा, पाव किलोच्या आसपास, हातात धरला तर उबदार मुठीएवढा वाटणारा पक्षी. लांबून बघाल तर मातकट, काहीच नाही. जवळून बघाल तर अंगावर तपकिरी, करड्या, पिवळट रेघांचं इतकं बारीक विणकाम, की घोंगडी विणणाऱ्या सनगरालाही ते जमू नये. गळ्याला फिकट पिवळा डाग आणि त्याला काळ्या दोऱ्याची किनार. नराच्या पायामागं काटा. तो दिसतो कमी, ऐकू येतो जास्त. आधी घशातल्या घशात दोन-तीनदा खुदखुदतो, जणू आवाज लागतोय का बघतो, आणि मग मोठ्यांदा, क-ती-तर, क-ती-तर, क-ती-तर. एकानं म्हटलं की पलीकडच्या ओघळातून दुसरा, मग तिसरा. त्याचं नाव कुणी ठेवलेलं नाही, त्यानंच स्वतः सांगितलंय.

लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही भावंडं खळ्यात झोपायचो. अंगाखाली कडब्याच्या पेंढ्या, वर वाकळ. पहाटे आभाळ तांबूस व्हायच्या आधी एक वेळ अशी यायची की वारा पडायचा, कुत्री गप व्हायची आणि माळावरून पहिला चितूर बोलायचा. आत जातं सुरू व्हायचं. मामी सांगायच्या, त्या पंधराव्या वर्षी या घरात लग्न होऊन आल्या तेव्हा घरात घड्याळ नव्हतं. सासूनं पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवली. कोंबडा चुकतो, चांदणं बघून मध्यरात्रीच आरवतो, चितूर चुकत नाही. चितूर बोलला की उठायचं. पावसाळ्यात ढगांनी सगळं अंधारलेलं असलं तरी तो बरोबर बोलायचा, म्हणे. हे कितपत खरं, मी कधी तपासलं नाही. मामींनी चाळीस-पन्नास वर्षं त्यावर भाकरी थापली, म्हणून ते माझ्यापुरतं खरं.

त्या माळाचं वर्णन करायला बसलो तर मी थांबणार नाही. गुडघाभर कुसळी गवत, तरवड, बोरी, मध्येच एखादी हिवराची सावली, आणि खडकाचे उघडे पाठीसारखे भाग. कुसळं पायजम्यात घुसायची आणि संध्याकाळी आजी चिमणीच्या उजेडात ती एकेक करून वेचायची. चालता चालता पायाखालून अचानक घुर्रर्र करून काहीतरी फुटायचं. छातीत धस्स व्हायचं. चितूर उडायचा तो असा, अगदी शेवटच्या क्षणी, गोफणीतून सुटल्यासारखा. जमिनीलगत शंभर पावलं जाऊन पुन्हा गवतात बसायचा आणि तिथून पळत कुठल्या कुठं. एकदा मामाबरोबर गवत कापताना विळा थांबला. पुढ्यात जमिनीत वाटीएवढा खळगा, त्यात वाळक्या काड्या, आणि सात अंडी, खरवसाच्या रंगाची. मामानं हात लावू दिला नाही. भोवतीचं हातभर गवत तसंच उभं ठेवून तो पुढं कापत गेला. सगळा पट्टा कापून झाला आणि मध्ये तेवढाच एक गवताचा झुबका राहिला, नवसाला सोडलेल्या शेंडीसारखा. तीनेक आठवड्यांनी गेलो तर टरफलं होती. मग एका सकाळी वारुळाजवळ आई आणि बोटाच्या पेरांएवढी पिल्लं दिसली. ती चोचीनं वाळवी उघडून द्यायची आणि पिल्लं टिपायची. मी हललो असेन. तिनं एक बारीक आवाज काढला आणि डोळ्यांदेखत सहा पिल्लं नाहीशी झाली. पळाली नाहीत. होती तिथंच बसली, आणि मला ती दिसेनात.

त्याच मामानं चितूर मारलेतही.

हे लपवून या पक्ष्याबद्दल प्रेमानं लिहिता येणार नाही. आजोबांची ठासणीची बंदूक होती. दिवाळीनंतर, अंडी-पिल्लांचा काळ सरल्यावर, पाहुणे आले की दोन-चार चितूर यायचे. मी खाल्लेत. कांदा-खोबऱ्याचं भाजून केलेलं वाटण, घरची चटणी, आणि त्या तांबड्या रश्श्यात ते लहानसं, गडद, घट्ट मांस. खाताना दाताखाली छर्रा यायचा. तो ताटात टाकला की टिंग आवाज व्हायचा आणि मोठी माणसं हसायची. मला तो आवाज अजून ऐकू येतो आणि चवही आठवते. चव वाईट होती असं आता म्हणणं खोटेपणाचं होईल. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा तेव्हा होऊन गेला होता, पण आमच्या माळापर्यंत पोहोचायला त्याला बरीच वर्षं लागली.

बंदुकीपेक्षा वेगळं कसब पारध्यांचं. दरवर्षी माळाच्या कडेला त्यांची पालं पडायची. त्यातल्या एकाशी मामाची दोस्ती. घोड्याच्या शेपटीच्या केसांचे फासे तो गवताच्या बोळात ओळीनं लावायचा आणि शिकवलेल्या गाईच्या आडून, तिच्याच चालीनं, चरत चरत जावं तसा चितुरांना त्या बोळाकडं वळवत न्यायचा. पक्षी गाईला भीत नाहीत. ते उडायचे नाहीत, चालत चालत फाशात जायचे. तोंडानं चितूर बोलवायचाही तो. ओठ न हलवता, गालात हवा धरून. आणि माळावरून उत्तर यायचं. मी जवळ बसून हे ऐकलंय. इंग्रजांनी १८७१ पासूनच्या कायद्यांनी ज्या जमातींवर जन्मानं गुन्हेगार असा शिक्का मारला, त्यांतली ही माणसं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी फासेपारध्यांना जवळ केलं, काम दिलं, गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची रोजची हजेरी बंद केली. पण शिक्का पुसायला एका राजाचं आयुष्य पुरत नाही. गावात काही हरवलं की पहिल्यांदा पालांकडंच बोट जायचं. मग कायद्यानं फासेही गेले. जायलाच हवे होते, आणि तरी त्याच्या घशातला तो आवाज त्याच्याबरोबर गेला याचं मला वाईट वाटतं. दोन्ही एकाच वेळी वाटतं. यातलं एक खोडून दुसरं ठेवायचा प्रयत्न मी करून पाहिला, जमलं नाही.

परवाच्या प्रसंगानंतर मी या दोन पक्ष्यांच्या नावांमागं लागलो. चितूर संस्कृतात तित्तिर. याज्ञवल्क्य आणि गुरू वैशंपायन यांचं बिनसलं, गुरू म्हणाले माझी विद्या परत कर, याज्ञवल्क्यानं ती ओकून टाकली, आणि इतर शिष्यांनी तित्तर होऊन ती टिपून घेतली. म्हणून ती यजुर्वेदाची शाखा तैत्तिरीय. ही कथा लहानपणी कीर्तनात ऐकली होती, तेव्हा फक्त किळस वाटली होती. आता वाटतं, रचणाऱ्यानं माळावर बसून चितूर नीट पाहिला असणार. सांडलेलं, विखुरलेलं, मातीत मिसळलेलं कणकण वेचून काढावं ते त्यानंच. आणि गिनी कोंबडी? तिच्या शास्त्रीय नावाचा दुसरा शब्द आहे मेलिॲग्रिस. ग्रीकांच्या कथेत मेलिएगर नावाचा वीर मरतो, त्याच्या बहिणी रडायच्या थांबत नाहीत, तेव्हा आर्टेमिस देवी त्यांना या पक्ष्यांत बदलून टाकते. अंगावरचे पांढरे ठिपके म्हणजे त्यांचे अश्रू. दोन वेगळ्या मुलखांतली माणसं, एकमेकांना कधी न भेटलेली, आणि दोघांनाही जमिनीवर उकरत हिंडणाऱ्या पक्ष्यात माणूस दिसला. एकांनी शिष्य पाहिले, दुसऱ्यांनी बहिणी. त्यानंतर परड्यात त्या कोंबड्या संध्याकाळी चिंचेखाली जमून गलका करायला लागल्या की मला तो भाऊ गेलेल्या घरातला आकांत वाटायला लागला. आपल्याकडं इज्जतनगरच्या पक्षी संशोधन संस्थेनं गिनीचे वाण तयार केलेत, त्यांना नावं दिलीत कादंबरी, चितांबरी, श्वेतांबरी. कुणी ठेवली असतील ती नावं, त्या माणसानं हे ठिपके मायेनं बघितले असणार.

आणि हो, अतिथिदेवो भव हे वाक्य तैत्तिरीय उपनिषदातलं. तित्तराच्या नावाच्या ग्रंथानंच पाहुण्याला देव म्हणून ठेवलंय. मी हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ खिडकीबाहेर बघत बसलो.

कोल्हापूरला आफ्रिकेचा पाहुणा नवा नाही. दरबारात चित्ते पाळून त्यांच्याकडून काळविटांची शिकार केली जायची. डोळ्यांवर टोपी घातलेला, गाड्यावर बसवून नेलेला चित्ता आणि शेजारी त्याचा चित्तेवान, असे जुने फोटो आपण सगळ्यांनीच पाहिलेत. देशी चित्ता मिळेनासा झाला तेव्हा दरबारानं आफ्रिकेतून चित्ते मागवले. इथल्या चित्तेवानांनी त्यांना शिकवलं, इथल्या माळांवर पळवलं. बघणाऱ्याला ठिपके तेच, पळणं तेच. १९४७ साली आताच्या छत्तीसगडातल्या कोरिया संस्थानात तीन चित्ते मारले गेले, १९५२ साली आपला चित्ता संपल्याचं सरकारनं जाहीर केलं, आणि २०२२ साली नामिबियातून आठ चित्ते विमानानं आले. मधल्या काळात चित्ता गेलाय हे कुणाला नेमकं कधी जाणवलं असेल? गाड्यावर तर एक बसलेला दिसतच होता. मामींच्या प्रश्नाला मी होय म्हणालो त्यात हीच भीती होती, हे मला या जुन्या फोटोंपाशी येऊन उमगलं. आवाज येतोय, ठोके मोजायचं कुणी मनावर घेत नाही.

गिनी कोंबडीवर मला आळ घ्यायचा नाही. तिनं चितुराचा एक दाणाही खाल्लेला नाही. ती परड्यात राहते, तो माळावर राहायचा. गेला तो माळ. उपसा योजनेचं पाणी चढलं, जेसीबीनं खडक फोडला, गाळाची माती येऊन पडली, आणि जिथं कुसळं होती तिथं आता डोक्यावरून जाणारा ऊस. मामेभावाच्या मुलीचं इंजिनिअरिंग त्या उसावर झालं. ते नको होतं असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? माझ्या आजीला अर्धं आयुष्य वरीचा भात खावा लागला तो याच माळानं दिलेला. पण उसाच्या आत चितुराला काही नाही. त्याला वरून मोकळं आणि खालून दाट लागतं, धावायला वाट आणि दडायला झुडूप, रात्री बसायला काटेरी बाभूळ. राहिलेल्या गायरानाला माघात-फाल्गुनात कुणीतरी काडी लावतं, नवं गवत चांगलं येतं म्हणून, आणि चितूर अंडी घालायला जागा शोधतो त्याच वेळी जमीन काळी झालेली असते. तो देशातून संपलेला नाही, पुष्कळ ठिकाणी आहे. फक्त त्या घराच्या कानाच्या टप्प्यातून तो सरकत गेलाय, दरवर्षी एक-एक बांध लांब.

पिल्लांच्या बाबतीतही दोघांचं नशीब किती वेगळं. गिनी मादी गवतात आडबाजूला अंडी घालते, कधी दोघी-तिघी एकाच ठिकाणी, वीस-वीस अंडी होतात. टरफल इतकं टणक की मामेभावाची बायको ती फोडायला वरवंटा घेते. २६ ते २८ दिवस बसणं. पण इथं पावसात निघालेली पिल्लं दवानं भिजतात, आई पुढं पुढं पळत राहते आणि मागं एकेक गारठून पडतं. म्हणून भाऊ अंडी उचलून गावठी कोंबडीखाली ठेवतो. कोरड्या मुलखातून आलेलीला इथलं ओलं गवत अजून कळलेलं नाही, तिला आपला हात लागतो. चितूर १८-१९ दिवसांत पिल्लं काढतो आणि त्याला आपल्याकडून काहीच नको असतं. एक विळा थांबला तरी पुरतो.

पुढचे काही दिवस मी सकाळी सागरमाळावर, विद्यापीठाच्या आवाराकडं फिरायला जाताना मुद्दाम कान देऊन चालायला लागलो. तिथं मोर चिक्कार. मोरांच्या आरडाओरड्यात दुसरं काही ऐकणं अवघड. अकराव्या दिवशी कुंपणापलीकडच्या झुडपातून आला. क-ती-तर. मी रस्त्यात उभा राहिलो. मागून येणारे एक गृहस्थ म्हणाले, "बरं वाटत नाही का?" मी हातानं ऐका अशी खूण केली. त्यांनी ऐकलं, म्हणाले, "मोराची पिल्लं असतील." आणि गेले. त्यांचा राग आला नाही. मीही होय म्हणालोच होतो की.

चैत्रात पाडवा झाल्यावर पुन्हा गावी गेलो, मुक्कामाला. रात्री मामेभावाला विचारलं, चितूर कुठं ऐकू येतो का? तो म्हणाला, "दादा, धरणाच्या पाटाच्या वर गायरानाची पट्टी हाय बघ, टॉवरच्या खाली. तिथं असंल तर असंल." पहाटे उठलो, आवाज न करता चप्पल शोधत होतो, तर आतून मामी म्हणाल्या, "कुठं निघालास?"

"गायरानाकडं. चितूर ऐकायला."

थोडा वेळ काही नाही. मग काठी टेकल्याचा आवाज. "मलाबी न्हे."

मी त्यांचा हात धरला. बांधावरून चालायला अर्धा तास लागला. त्या पायानं वाट चाचपत होत्या आणि मधूनच सांगत होत्या, हितं आंबा हुता, हितं वड्याला पायऱ्या हुत्या. दोन्ही आता नव्हतं, पण जागा बरोबर होत्या. टॉवरच्या अलीकडं एका दगडावर मी पोतं टाकलं आणि त्यांना बसवलं. हवेत गारवा होता, जळलेल्या गवताचा वास आणि खालून उसाला पाणी सोडलेलं त्याचा. डोंगराच्या कडेला तांबूस रेघ उमटत होती. बराच वेळ फक्त रातकिडे. मामींनी माझं मनगट धरून ठेवलं होतं. मला वाटायला लागलं, उगाच आणलं यांना.

आधी ते खुदखुदणं आलं, अगदी बारीक. मामींची बोटं घट्ट झाली. मग तो बोलला. त्यांनी तोंडानं काही म्हटलं नाही. माझ्या मनगटावर बोटानं ठोके दिले. तीन. पुन्हा तीन. पुन्हा तीन.

"ह्यो चितूर," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं, "मागं तू आलतास तवा मी इच्यारलं न्हवं? घरात आता पोरास्नी चितूर म्हंजे काय ठावं न्हाई. म्हटलं, तुला तर वळखू येतंय का बगावं. तू होय म्हणालास."

मला काय बोलावं सुचेना. "मामी, मला वाटलं तुम्हालाच…"

"दोन ठोक्याची ती तुझ्या भावाची कोंबडी, एवढं मला कळत न्हाई व्हय? म्हटलं, शहरात ऱ्हाऊन ह्याचा कान गेला. तुझं मन कशाला मोडू, म्हणून गप बसले."

खाली घराकडं उजाडायला लागलं होतं. चिंचेवरून गिनी उतरल्या असाव्यात. आधी एक, मग सगळ्याच सुरू झाल्या. तो कालवा बांधाबांधावरून वर आला आणि माझ्यापुरता बाकी सगळा आवाज बुडाला. मी उठायला लागलो. मामींनी मनगट सोडलं नाही. "थांब," म्हणाल्या, "बोलालंय अजून."

मी कान दिला. मला गिनीच ऐकू येत होत्या, दोन, दोन, दोन. आणि मनगटावर त्यांचं बोट पडत होतं. तीन. जरा थांबून, पुन्हा तीन.